चारच?

घरी आलेला माणूस चहा झाला की परसदारी जातो. हौदाच्या कठड्यावर हात टेकून वाकतो, मासे मोजतो आणि मान वर करून विचारतो, "चारच?" गुजराती शेजारी असला तर म्हणतो, "बस, चार ज?" आमचा हौद आठ फूट लांब, सहा फूट रुंद, साडेतीन फूट खोल. पाणी इतकं नितळ की तळाचा गोटा न गोटा दिसतो. त्यात चार कोई मासे सावकाश फेऱ्या मारत असतात. बघणाऱ्याला त्यांच्याआधी दिसते ती मोकळी जागा. अजून दहा तरी सहज मावतील, असं त्याला वाटतं. मलाही एके काळी तसंच वाटायचं, म्हणून त्याचा राग येत नाही. पण दोन वाक्यांत उत्तरही देता येत नाही.

हा हौद मुळात माशांसाठी बांधलेला नव्हता. बडोद्याच्या कारेलीबागेतलं हे घर वडिलांनी 1974 साली बांधलं. तेव्हा नळाला पाणी ठरलेल्या वेळीच यायचं. सयाजीरावांच्या काळात बांधलेल्या आजव्याच्या तलावाचं पाणी बडोदं पिढ्यानपिढ्या पीत आलंय, पण आमच्या गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत त्याचा जोर संपलेला असायचा. म्हणून वडिलांनी परसात हौद बांधून घेतला. आई धुण्याभांड्यांना त्यातलं पाणी घ्यायची आणि सुट्टीत आम्ही भावंडं त्यात डुंबायचो. पुढे बोअर मारली, गच्चीवर काळी टाकी आली आणि हौद कोरडा पडला. पंचवीसेक वर्षं त्यात नुसता पारिजातकाचा पाला साठत होता.

मी 2018 साली निवृत्त झालो. चौतीस वर्षं खताच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली होती. बॉयलरचं पाणी तपासायचं, कूलिंग टॉवरचं पाणी तपासायचं, अमोनियाचे नमुने काढायचे. अमोनियाचा वास नाकात इतका मुरलेला की घरी आल्यावरसुद्धा शर्टाला येतो असं बायको म्हणायची. हे सांगतोय कारण पुढे जे झालं त्यात माझ्या या ओळखीचा मला काडीचाही उपयोग करून घेता आला नाही. त्याचं दुःख अजून जात नाही.

2019 च्या दिवाळीत भाचा आला. पाडव्याला ओवाळणी वगैरे झाल्यावर गाडीतून फुगवलेली प्लास्टिकची पिशवी घेऊन आला, "मामा, तुमच्या हौदाला भाडेकरू आणलेत." बोटभर लांबीचे बारा मासे. पांढऱ्यावर लाल, नारिंगी, काळे डाग. एकीच्या अंगावर दुसरा रंगच नव्हता. सगळी पांढरीशुभ्र आणि कपाळावर एकच लाल गोल ठिपका. जपानात या जातीला तांचो म्हणतात, हे नंतर वाचलं. बायकोने बघताक्षणी तिचं नाव ठेवलं, कुंकू. दोन दिवसांनी मी स्वतः दुकानात जाऊन आणखी दोन आणले. दुकानदाराला विचारलं की हे केवढे होतात. तो म्हणाला, "चिंता ना करो साहेब, जेवडुं टांकुं, एवडी माछली." टाकी जेवढी, मासा तेवढाच वाढतो. ऐकायला फार बरं वाटलं.

हे वाक्य मी नंतर किती लोकांच्या तोंडून ऐकलं असेल. ते खोटं आहे आणि घातकही आहे. कोई हा मूळचा कार्प. आपल्याकडे मत्स्यशेतीवाले ज्याला सायप्रिनस म्हणतात, त्याचाच रंगीत सगासोयरा. बरं पाणी आणि बरं खाणं मिळालं तर दोन फूट होतो, क्वचित त्याहून मोठा. पंचवीस-तीस वर्षं जगतो. दाटीत ठेवलेला मासा खुरटतो हे खरं, पण तो काही टाकीचं माप बघून थांबत नाही. घाण पाणी आणि कमी ऑक्सिजन यांनी त्याची वाढ मारली जाते. कणा वाकतो, पोट सुटतं, डोकं मोठं आणि अंग लहान राहतं. उपाशी मुलाची उंची वाढत नाही तेव्हा त्याला घर लहान म्हणून पोर लहान, असं आपण म्हणत नाही.

तर 14 मासे. हौद घासूनपुसून घेतला, भरला, नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारायला हायपोचे खडे टाकले. सोडियम थायोसल्फेट, पूर्वी फोटो धुणाऱ्यांकडे असायचं. तेवढी अक्कल होती. छोटा पंप आणि कारंजं बसवलं. पंधरा दिवसांच्या आत तीन मासे गेले. एक सकाळी कठड्याजवळ आडवा तरंगत होता, कल्ले लालभडक. बाकीचे तळाशी गप्प.

माशाच्या शरीरातला टाकाऊ अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून पाण्यात जातो. माणसाच्या नाकाला हवेतला अमोनिया कळतो, पण माशाला जो अमोनिया मारतो तो पाण्यात इतका थोडा असतो की त्याचा वास माझ्यासारख्यालाही येणार नाही. लिटरमागे 0.02 मिलिग्रॅमच्या पुढे मुक्त अमोनिया गेला की कल्ल्यांना इजा सुरू होते. आणि पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी मुक्त किती, हे पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे त्याचं माप, आणि तापमान यांवर ठरतं. पीएच 7 आणि 25 अंशांना शंभर भागांत जेमतेम अर्धा भाग. आमच्या बोअरच्या पाण्याचा पीएच 8.2. उन्हाळ्यात पाणी 30 अंशांवर जातं, तेव्हा हा वाटा शंभरात अकरा होतो. हिरवं शेवाळ माजलेल्या हौदात संध्याकाळी पीएच 8.8 पर्यंत चढतो, तेव्हा तो एक तृतीयांशावर जातो. तोच मासा, तेवढेच दाणे, तोच हौद, पण सकाळचं पाणी सोसवणारं आणि संध्याकाळचं जाळणारं. हे गणित मी नोकरीत शेकडो वेळा केलं होतं. परसात ते करायचं सुचलं नाही, कारण परसातलं पाणी मला रसायन वाटलंच नव्हतं.

मग गाळणीचं काम हातात घेतलं. निळ्या प्लास्टिकच्या तीन टाक्या, दोनशे लिटरच्या, एकमेकींना पाइपाने जोडलेल्या. पहिलीत ब्रश, गाळ अडकायला. दुसरीत आणि तिसरीत जाळीचे गोळे आणि खरखरीत चटया, ज्यांच्यावर जीवाणू घर करतात. एक जातीचे जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट, जे माशाला फारसं बाधत नाही आणि झाडांना खत म्हणून चालतं. ही फौज उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. मधल्या काळात नायट्राइट चढतं आणि माशाचं रक्त तपकिरी करतं. त्यावर उतारा साध्या मिठाचा. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. त्या आठवड्यांत मी रोज चाचणीच्या नळ्या घेऊन हौदाशी बसायचो.

कारखान्यात अमोनियाचं ज्वलन करून नायट्रिक आम्ल बनवतात, तेव्हा प्लॅटिनमच्या जाळ्या लागतात आणि सुमारे 900 अंश तापमान. त्या जाळ्या सोन्यासारख्या जपल्या जातात. इथे परसातल्या निळ्या टाकीत, जाळीच्या स्वस्त गोळ्यांवरचा बुळबुळीत थर, तसंच काम पारिजातकाच्या सावलीत करत होता. हात घातला की बोटांना तो थर लागायचा. मला तेव्हा जे वाटलं त्याला आदर हाच शब्द आहे. अजूनही टाकी धुताना मी त्या चटया नळाखाली धरत नाही. हौदातलंच पाणी बादलीत घेऊन हलक्या हाताने खळबळतो, क्लोरीनने ती वस्ती मरू नये म्हणून.

अमोनिया शून्यावर आला. उरलेले अकरा मासे वाढायला लागले. मला वाटलं, सुटलो.

या काळात मी "किती मासे" हा प्रश्न पहिल्यांदा नीट वाचायला घेतला. हौदाचं आकारमान 168 घनफूट, घनफुटात 28.3 लिटर, म्हणजे सुमारे 4,750 लिटर; गोटे आणि कुंड्या वजा जाता साडेचार हजार धरा. जाणकार लोक पूर्ण वाढलेल्या एका कोईमागे हजार लिटर पाणी धरतात. अमेरिकेतले लोक 250 गॅलन म्हणतात, तेही साडेनऊशे लिटरच्या आसपास जातं. त्या हिशेबाने माझ्याकडे चार. एक जुना ठोकताळा असाही आहे की पाण्याच्या दर चौरस फुटाला एक इंच मासा. माझे 48 चौरस फूट, म्हणजे 48 इंच मासे. तीन इंची सोळा किंवा चोवीस इंची दोन.

या दुसऱ्या नियमाशी मी बराच वेळ घुटमळलो, कारण त्यात काहीतरी खटकत होतं. लांबी दुप्पट झाली की मासा रुंदीला आणि जाडीलाही दुप्पट होतो, म्हणजे वजन आठपट. तीन इंची कोई सात-आठ ग्रॅमचा. चोवीस इंची म्हणजे लांबीला आठपट, वजनाला 512 पट, पावणेचार किलोच्या घरात. इंचांच्या नियमात सोळा पिल्लं आणि दोन मोठे मासे सारखेच धरलेत, पण त्या दोघांचं वजन सोळा पिल्लांच्या चौसष्टपट आहे. आणि पाण्याला लांबी कळत नाही. पाण्याला वजन कळतं, कारण खाणं, अमोनिया, ऑक्सिजन सगळं वजनाच्या मागे जातं. दुकानात पिशवी हातात घेतो तेव्हा आपण डोकी मोजतो. हौदात मात्र वर्षानुवर्षं किलो भरत जातात.

हे सगळं मी वहीत मांडलं होतं. अकरा हा आकडा जास्त आहे, हे मला कळलं होतं. तरी एकही मासा मी कमी केला नाही. पाणी स्वच्छ होतं, चाचण्या चांगल्या येत होत्या, मासे धष्टपुष्ट होते. पहाटे दाण्यांचा डबा वाजला की अकराही तोंडं कठड्याशी यायची. कुंकू तर बायकोच्या बोटांना ओठ लावायची. यातला कुठला नको म्हणायचा?

2021 च्या जूनमध्ये, पाऊस यायच्या आधीचे ते घुसमटीचे दिवस होते. दिवसभर ढग, वारा अजिबात नाही, पारिजातकाचं पान हलत नव्हतं. रात्री अकराच्या सुमाराला धुळीची वावटळ आली, चार थेंब पडले, कुठेतरी झाड तारांवर कोसळलं आणि लाईट गेली. आम्ही गच्चीवर जाऊन झोपलो. पंप बंद आहे हे मला माहीत होतं. तासाभरात येईल, असं म्हणून मी डोळे मिटले.

पहाटे सव्वापाचला बायकोने हलवलं. "अहो, मासे बघा."

सगळे वर आले होते. तोंडं पाण्याबाहेर, हवा गिळत होते. त्या तोंडांचा बारीक पचपच आवाज अंधारात येत होता. तीन आधीच आडवे झाले होते, आणि ते तिघे सगळ्यांत मोठे होते. ऑक्सिजन संपत आला की मोठा मासा आधी जातो. मी हौदात उतरलो, बादलीने पाणी उचलून उंचावरून ओतत राहिलो. बायको दुसऱ्या बाजूने तांब्याने ओतत होती. शेजारच्या काकांचा मुलगा आवाज ऐकून भिंतीवरून उडी मारून आला आणि काही न विचारता पातेलं घेऊन भिडला. साडेसातला लाईट आली तोवर तिघांचे हात भरून आले होते. आठ मासे वाचले.

नंतर हिशेब केला, कारण तेवढंच मला करता येतं. 20 अंशांच्या पाण्यात लिटरला नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. 30 अंशांना साडेसातच. पाणी तापतं तशी त्याची मूठ आवळते आणि माशाची भूक, श्वास, सगळं त्याच वेळी वाढतं. अकरा मासे, सरासरी प्रत्येकी चौदा इंच, एकूण सव्वाआठ किलो. उन्हाळ्यात किलोमागे तासाला सुमारे पाव ग्रॅम ऑक्सिजन धरला, तर साडेचार हजार लिटरमधून तासाला लिटरमागे 0.45 मिलिग्रॅम फक्त मासे ओढतात. साधारण तेवढाच गाळणीतले जीवाणू, तळाचा गाळ आणि शेवाळ. शेवाळ दिवसा ऑक्सिजन देतं आणि रात्री तेच परत घेतं. त्या दिवशी ढगांमुळे त्याने दिलेलंही थोडंच होतं. तासाला जवळपास एक मिलिग्रॅम संपत असताना सातपासून सुरुवात केली तर चार-पाच तासांत पाणी मरणाच्या हद्दीत जातं. अकरा ते पहाट, सहा तास. उलट पाण्याच्या पृष्ठभागातून थोडा ऑक्सिजन आत येत राहिला म्हणूनच आठ वाचले.

बॉयलरच्या पाण्यात ऑक्सिजन नको असतो, तो नळ्या खातो. डीएरेटरमधून तापवून तो बाहेर काढायचा, उरलेला हायड्रॅझिनने मारायचा आणि आकडा शून्याशी आला की शिफ्टच्या वहीत सही करायची. चौतीस वर्षं मी पाण्यातला ऑक्सिजन गेला की नाही हेच तपासत होतो. त्या पहाटे बादलीने तो परत घालत होतो.

हौदात किती मासे सुखाने राहतील, हे मी तोवर चांगल्या दिवसाच्या पाण्यावरून ठरवत आलो होतो: पंप चालू, ऊन कोवळं, चाचणीची नळी पिवळी, म्हणजे अमोनिया नाही. पण त्या हौदाला वर्षात एक रात्र अशी येतेच जेव्हा लाईट नसते, वारा नसतो आणि पाणी 32 अंशांवर असतं. आकडा त्या रात्रीचा धरायला हवा. इतर 364 दिवस जागा रिकामी दिसेल, तर दिसू दे.

पादरा गावाजवळ एका जुन्या सहकाऱ्याची वाडी आहे. भाजीपाल्याला पाणी द्यायला त्याने प्लास्टिक अंथरलेलं शेततळं केलंय, आमच्या हौदासारखे पन्नास तरी मावतील एवढं. त्याला फोन केला. जाळीत घेऊन, टबात घालून, पाठीवर ओला पंचा टाकून तीन मासे दिले. उरले पाच. काही ओळखीचे म्हणाले, एवढं लांब कशाला, देवळाच्या तलावात सोड, पुण्य लागेल. मी नाही म्हटलं, आणि आजही कोणी विचारलं तर हात जोडून नाही म्हणतो. कार्प तळाचा चिखल उकरून खातो, पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो. दुसऱ्याच्या अधिवासात त्याला सोडणं हे दान होत नाही. शिवाय देवळाच्या तलावात लोक ममरा आणि शेव टाकतात.

कोई जिथून आला त्या जपानातल्या निइगाता भागाबद्दल मी या काळात वाचलं. यामाकोशीची डोंगरातली खेडी, पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं, माणूसभर उंच बर्फाचा हिवाळा. थंडीत खायला म्हणून शेतकरी खाचरांच्या पाण्यात कार्प पाळायचे. 19 व्या शतकाच्या सुरुवातीला त्यात कुठे लाल, कुठे पांढरा मासा निपजला आणि कोणीतरी तो खाण्याऐवजी राखला. 1914 साली टोकियोच्या प्रदर्शनात हे मासे गेले आणि जगाला कळले. 23 ऑक्टोबर 2004 च्या भूकंपात ती खेडी उद्ध्वस्त झाली, तळी फुटली, माणसं हलवावी लागली. तरी लोक परतले आणि पुन्हा तळी बांधली. पण माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीवर खिळलं. एक मादी लाखांनी अंडी घालते. तिथला मत्स्यपालक पहिल्या उन्हाळ्यात त्या पिल्लांतून पुन्हा पुन्हा निवड करतो आणि शेवटी अगदी मूठभर ठेवतो. पिढ्यानपिढ्या ज्यांनी हा मासा घडवला त्यांचा सगळ्यात मोठा वेळ मासे कमी करण्यात जातो. मला हे वाचून धीर आला. पादऱ्याला मासे दिल्यापासून जी टोचणी होती ती थोडी कमी झाली.

पाचाचे चार कसे झाले ते सांगायला नको वाटतं. 2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला. बडोद्याच्या या नदीत मगरी शेकड्यांनी आहेत आणि त्या पुरात त्या वस्त्यांत शिरल्या. लोकांच्या अंगणातून, रस्त्यांवरून त्यांना पकडून नेलं. आमच्या परसात पाणी हौदाच्या कठड्याला लागलं तेव्हा मी उन्हाळ्याची हिरवी शेडनेट हौदावर ओढून विटांनी दाबली. रात्री पाणी कठड्यावरून गेलं. नेटचा एक कोपरा सुटला. पाणी ओसरल्यावर हौदात गटाराचं काळं पाणी आणि चार मासे होते. पाचवा, काळ्या-नारिंगी डागांचा, सापडला नाही. पंधरा दिवस रोज थोडं थोडं पाणी बदलत चौघांना जगवलं. पण तो पाचवा नदीला गेला असेल तर माझ्या निष्काळजीपणाने गेला, आणि नदीवर गेलो की अजूनही मी पाण्याकडे तशा नजरेने बघतो.

तर चार. पुस्तकी नियमालाही चार, माझ्या वहीतही चार. मला वाटलं, आकडा आता पक्का.

परवा होळीनंतर पाणी बदलताना मी एकेकाला मापाच्या टबात घेतलं. वर्षातून एकदा लांबी लिहून ठेवतो. 19, 20, 20, 21 इंच. वजनाचा हिशेब मांडला आणि पेन्सिल थांबली. चौघांचं मिळून जवळपास पावणेनऊ किलो. त्या जूनच्या रात्री अकरा मासे सव्वाआठ किलोचे होते.

म्हणजे आज हौदात जे चार आहेत ते त्या अकरांपेक्षा जड आहेत. लोक चारच म्हणतात, मीही चारच म्हणत आलो, आणि पाणी मात्र बारावा मासा मोजून बसलंय. त्यात हे अजून वाढणार. दोन फुटांवर गेले तर पंधरा किलो. हजार लिटरचा नियम पंप आणि गाळणी रात्रंदिवस चालणार असं गृहीत धरून लिहिलेला आहे. ज्यांनी लिहिला त्यांच्याकडे जूनमध्ये पाणी 32 अंशांवर जात नसावं. ज्या इंचांच्या नियमात मी चुका काढत बसलो होतो, तो मला दोनच म्हणत होता.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग हौद वाढवा ना. मासे काय दरवेळी तेच देत राहायचे?" मी टेप घेऊन मोजलं. एका बाजूला कंपाउंडची भिंत, दुसऱ्या बाजूला पारिजातक. आईने लावलेला पारिजातक आहे तो. खोली वाढवायची तर जुनं बांधकाम फोडावं लागेल, आणि पाया घराच्या भिंतीपासून तीन फुटांवर. ती पारिजातकाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "नको, राहू दे."

2021 नंतर मी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घेतला आहे. लाईट गेली की तो आपोआप सुरू होतो, सहा-सात तास चालतो. त्यामुळे मी निर्धास्त होतो. गेल्या आठवड्यात मध्यरात्री लाईट गेली, आणि पंपाचा बारीक गुणगुणता आवाज परसातून यायला लागला. तरी उठून टॉर्च घेऊन गेलो. गेल्या वर्षीपर्यंत अशा रात्री चौघे तळाशी, गोट्यांच्या वर हातभर, पर स्थिर ठेवून असायचे. या वेळी दोघे तळाशी होते. कुंकू आणि दुसरा एक, मधल्या पाण्यात. तोंड वर नव्हतं, धाप नव्हती. फक्त जिथे असायला हवेत तिथून फूटभर वर.

मी कठड्यावर बसून राहिलो. साडेतीनला बायको शाल घेऊन आली, शेजारी बसली. तिने खाली बघितलं, काही विचारलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "कुंकू मात्र राहू दे."

"बघू," मी म्हटलं.

पाच वाजता लाईट आली, मोठा पंप सुरू झाला. सातला मासे दाण्यांसाठी वर आले तेव्हा मी कोणते दोन द्यायचे ते ठरवलं, आणि दहा वाजता पादऱ्याला फोन लावला.